स्पोर्ट बाइक अंगाला सोसेल अशी कशी कराल: आधी पाना, मग पाकीट

आर-१५, चाकणमध्ये बनणारी केटीएमची आरसी, पल्सर आरएस, अपाची आरआर ३१०, जिक्सर एसएफ. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या किंवा आयटी कंपनीच्या पार्किंगमध्ये यातली एखादी दिसतेच. नवी गाडी घरी आली की पहिले काही आठवडे हौसेत निघून जातात, मग मनगटं कुरकुरायला लागतात. हिंजवडीहून कोथरूडला येईपर्यंत बोटांना मुंग्या, रात्री मान आखडलेली, आणि सकाळी त्याच गाडीवर बसायचं म्हटलं की जीवावर येतं. अशा वेळी बहुतेक जण मोबाइल काढतात आणि हँडल वर उचलायचे रायझर शोधायला लागतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तेवढं सध्या थांबवा.

मी या सगळ्यातून गेलो आहे आणि गेली काही वर्षं सोसायटीतल्या पोरांच्या गाड्या त्यांच्या अंगाप्रमाणे सेट करून देतो. बऱ्याचशा दुखण्यांवर फुकटात किंवा अगदी थोडक्यात उपाय होतो. खर्चाच्या गोष्टी शेवटी येतात, आणि कित्येकांना त्यांची गरजच पडत नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. तो मोडू नका.

दुखण्याचं मूळ आधी समजून घ्या. या गाड्यांचं क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळे आवळलेले दोन आखूड दांडे) खाली असतं आणि फूटरेस्ट मागे व वर असतात. त्यामुळे धड पुढे झुकतं. हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगात समोरून येणारा वारा छातीला आधार देतो आणि हातांवरचा भार बराच हलका होतो. कर्वे रोडला संध्याकाळी वीसच्या वेगानं सरकताना तो वारा कुठून येणार? धडाचा सगळा भार मनगटांवर उतरतो. म्हणजे आपल्याला गाडी सेट करायची आहे ती शहरातल्या कमी वेगासाठी, आणि तीही तिचा ब्रेक आणि वळण्याची ताकद जराही न बिघडवता.

काय काय जवळ हवं

हत्यारं: ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच, आठपासून चौदापर्यंतचे पाने, मागच्या शॉकअपची रिंग फिरवायचा हूक पाना (गाडीच्या टूलकिटमध्ये बघा, अनेकदा असतो), हवा मोजायचा स्वतःचा गेज, मोजपट्टी, चिकटपट्टी, पांढरा पेंट मार्कर आणि केबल ऑइल. हँडलला हात लावणार असाल तर टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा) लागेल. तो विकत घेण्याऐवजी ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी आणा.

कागद: गाडीचं ओनर्स मॅन्युअल, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विम्याची पॉलिसी आणि वॉरंटीचं पुस्तक. विमा आणि वॉरंटीचे कागद पायरी ८ ला लागतील.

१. कुठे दुखतं ते नेमकं पकडा

"अंग दुखतं" एवढ्यावर काहीच सेट करता येत नाही. एक ठरावीक रस्ता निवडा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळेला गाडी चालवा. मला स्वारगेटहून सातारा रोडनं कात्रज, जुना घाट चढून शिंदेवाडी आणि परतताना नव्या बोगद्यातून नवले पूल, हा फेरा फार उपयोगी वाटतो. त्यात सिग्नल, स्पीडब्रेकर, वळणं आणि हायवे असं सगळं मिळतं. घरी आल्यावर लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवा: काय दुखलं, कुठल्या टप्प्यात दुखायला लागलं, डावीकडे की उजवीकडे.

दुखण्याची जागा बरंच काही सांगते. दोन्ही तळहातांचा खालचा भाग दुखत असेल तर धडाचा भार हातांवर पडतोय. फक्त डावा हात दुखत असेल तर क्लच. फक्त उजवा दुखत असेल तर ॲक्सिलरेटर आवळून धरायची सवय. मानेचा वरचा भाग दुखत असेल तर बहुधा कोपर ताठ आणि खांदे कानापर्यंत चढलेले आहेत. कंबर दुखत असेल तर पाठीचा कणा गोल करून बसताय, किंवा मागचा शॉकअप तुमच्या वजनाला बसत नाही.

एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

२. हवा, चेन, कोनसेट

ही पायरी ओलांडून कोणी पुढे गेलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हवेचा आकडा चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर छापलेला असतो. एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा. पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे "बाइक आहे, पस्तीस मारतो" असं म्हणून दोन्ही चाकांत सरसकट सारखी हवा भरतात. पुढच्या चाकात पाच-सहा पीएसआय जास्त झाले की प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी चालवून आल्यावर आकडा दोन-चार पीएसआयनं जास्त दिसतो आणि त्या आकड्यावर विसंबून हवा कमी केलीत तर टायर गार झाल्यावर कमी भरेल.

चेन ढिली असेल तर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटर सोडताना आणि देताना गाडी धक्के देते, आणि प्रत्येक धक्क्याला तुम्ही हँडल घट्ट पकडता. मॅन्युअलमध्ये दिलेला झोल ठेवा. फार आवळूही नका, मागचा शॉकअप दबताना चेन आणखी ताणली जाते.

कोनसेट म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. टाकीखालच्या बाजूला "टक" असं जाणवलं तर ते ढिले आहेत. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवताना मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर ते खराब झाले आहेत. आपल्या रस्त्यांवर हे लवकर होतं. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओशट गोल दिसत असेल तर ऑइल सील गेलंय, ते आधी करून घ्या. या तीन गोष्टी नीट नसतील तर पुढचं काहीही करून फरक पडणार नाही.

३. बसायची रीत बदला

आता स्वतःकडे बघा. गाडी चालू असताना, रस्ता मोकळा आणि सरळ असताना, हातांची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता येतात का? येत नसतील तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. हातांनी फक्त गाडी फिरवायची, अंग तोलायचं ते पायांनी, मांड्यांनी आणि पोटाच्या स्नायूंनी.

गुडघे टाकीच्या खोबणीत घट्ट टेकवा. पायाचा चवडा फूटरेस्टवर ठेवा. बूड टाकीपासून चार बोटं मागे सरकवा. अनेक जण ब्रेक लावताना घसरत टाकीला चिकटतात आणि तिथेच राहतात. मग कोपर ताठ होतात आणि सगळा मार खांद्यांना बसतो. पाठीला बाक काढण्याऐवजी कमरेच्या सांध्यातून पुढे झुका, कोपर किंचित वाकलेले आणि सैल ठेवा.

टाकीच्या दोन्ही बाजूंना खरखरीत रबरी टँक ग्रिप चिकटवून घ्या. या लेखातली ही पहिली खरेदी, आणि पैशांच्या मानानं सर्वांत जास्त उपयोगाची. जीन्स गुळगुळीत टाकीवरून घसरते. टँक ग्रिपमुळे ब्रेकच्या वेळी मांड्या अंग धरून ठेवतात आणि मनगटं मोकळी राहतात. चिकटवण्याआधी टाकी साबणानं धुऊन, पूर्ण कोरडी करून घ्या, आणि एक दिवस उन्हात गाडी लावू नका.

स्पीडब्रेकर आला की बूड सीटवरून बोटभर उचला आणि पायांवर या. आपल्याकडे एका गल्लीतला स्पीडब्रेकर पसरट, तर पुढच्या गल्लीतला भिंतीसारखा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा असं आहे. प्रत्यक्षात काय भेटेल याचा भरवसा नाही, म्हणून पायांची सवयच तुमची कंबर वाचवेल.

सिग्नलला न्यूट्रल करा, क्लच सोडा, सरळ बसा, हात मांडीवर ठेवा. नव्वद सेकंद क्लच दाबून उभं राहणं हा हातावर अन्याय आहे, आणि क्लच प्लेटवरही.

४. पाठीवरची लॅपटॉप बॅग उतरवा

लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट: चार-पाच किलो सहज होतात. पुढे झुकून बसल्यावर हे ओझं खांद्यांमधून थेट मनगटांवर जातं आणि बॅगचा पट्टा मानेच्या स्नायूंवर दाब देत राहतो. मान दुखतेय म्हणून हेल्मेटला दोष देणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं बॅग मागच्या सीटवर गेल्याबरोबर थांबलेलं मी पाहिलंय.

मागच्या सीटवर बसणारी टेल बॅग घ्या. ती चार बाजूंनी पट्ट्यांनी बांधली जाते ना, पट्ट्यांची टोकं चाकाच्या किंवा चेनच्या जवळ लोंबत नाहीत ना, हे दर वेळी बघा. नुसत्या हूकवाल्या इलॅस्टिक दोऱ्यांवर लॅपटॉप सोपवू नका, त्या ताण सुटल्यावर चाकात जातात. कधीतरी मागे कोणाला बसवायचं असेल तर त्या दिवशी लॅपटॉप घरी ठेवा.

५. लिव्हर, केबल आणि पेडल आपल्या मापाला आणा

शोरूममधून गाडी येते ती कोणाच्याच मापाची नसते. आता खरं पान्याचं काम सुरू होतं.

गाडी मधोमध सरळ उभी करून कोणाला तरी धरायला सांगा. तुम्ही नेहमीच्या पद्धतीनं बसा, डोळे मिटा, मुठी हँडलवर ठेवा आणि बोटं सरळ ताणा. बोटं लिव्हरवर अलगद टेकली तर उत्तम. बोटं लिव्हरच्या खाली जात असतील, म्हणजे लिव्हर वर राहिला असेल, तर प्रत्येक ब्रेकला तुमचं मनगट मागे मुडपतं. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा आली पाहिजे. पुढे झुकलेल्या बसण्यात ही रेषा खाली उतरते, म्हणून लिव्हरही थोडा खाली हवा.

आधी मूळ जागेवर पेंट मार्करनं बारीक रेघ मारा. मग क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करा आणि लिव्हर किंचित खाली फिरवा. दोन-तीन मिलिमीटरनंही फरक जाणवतो. काही गाड्यांच्या हँडलमध्ये स्विचसाठी खुंटी आणि भोक असतं, तिथे जोर करू नका. ब्रेकच्या बाजूला विशेष सांभाळा: क्लॅम्पवर वरची बाजू दाखवणारा बाण किंवा खूण असते, ती वरच राहू द्या, वरचा बोल्ट आधी आवळा आणि मग खालचा. फिरवल्यावर ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, आणि ऑइलची डबी फार तिरकी होत नाही ना, ते बघा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. लिव्हर फेअरिंगला (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) किंवा टाकीला घासला नाही पाहिजे.

क्लचला टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. पक्का आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. आताच्या आर-१५, आरसी ३९० आणि आरआर ३१० यांना स्लिपर क्लच आहे आणि तो मुळात हलका असतो. तरीही दाबताना जोर लागत असेल तर केबल सुकलीय किंवा आतून तुटायला आलीय. पावसाळा संपला की केबलमध्ये तेल सोडा, आणि तरीही जड राहिली तर बदला. क्लच दोन बोटांनी दाबा.

ॲक्सिलरेटरची मूठ सरळ आडवी न धरता स्क्रूड्रायव्हर धरतो तशी जरा तिरकी धरा. मनगट खाली पडत नाही आणि अंगठ्याच्या मुळाशी ताण येत नाही.

पायांकडेही बघा. गिअर बदलताना अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलावा लागत असेल तर गिअर लिव्हर तुमच्या बुटाला उंच आहे. लिंकेजच्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे चेक नट सैल करून दांडा फिरवला की लिव्हर खाली-वर होतो. बऱ्याच गाड्यांत यातला एक नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून तो "निघत नाही" म्हणून जोर लावण्याआधी दिशा बघा. मागच्या ब्रेकचं पेडल हलवलंत तर मागचा दिवा वेळेवर लागतो की नाही ते तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

६. मागचा शॉकअप वजनाला लावा

पंचावन्न किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचा माणूस एकाच सेटिंगवर आरामात बसू शकत नाहीत. मागच्या स्प्रिंगवरची पायऱ्यांची रिंग म्हणजे प्रीलोड. काही गाड्यांत तो बदलायची सोयच नसते, म्हणून आधी मॅन्युअल बघा.

लोकांचा समज असतो की प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग आहे तीच राहते, बदलते ती गाडीची मागची उंची. आणि आपल्या दुखण्याशी याचाच संबंध आहे: प्रीलोड गरजेपेक्षा जास्त असेल तर मागची बाजू वर राहते, तुम्ही पुढे ओतले जाता आणि भार पुन्हा मनगटांवर. प्रीलोड फार कमी असेल तर प्रत्येक स्पीडब्रेकरला शॉकअप तळाला लागतो आणि दणका कमरेत.

मोजायला तीन माणसं लागतात.

एक: मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, मागच्या फेअरिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. गाडी साइड स्टँडवर कलती करून, दोघांनी मागचं चाक जमिनीवरून उचला. तिसऱ्यानं ॲक्सलच्या मध्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजावं. इथे एक सापळा आहे: पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी करायचा स्टँड) स्विंगआर्मला धरतो, त्यामुळे त्यावर गाडीचं वजन शॉकअपवर तसंच राहतं. हे माप त्यावर घेऊ नका.

दोन: गाडी सरळ धरायला लावा. तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट घालून नेहमीसारखे बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर. दोनदा दाबून शॉकअप मोकळा करा आणि तेच अंतर पुन्हा मोजा.

दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्या वजनानं गाडी किती बसली. या वर्गातल्या गाड्यांत तो साधारण ३० ते ४० मिलिमीटर असेल तर ठीक. कमी भरला तर प्रीलोड एक पायरी उतरवा, जास्त भरला तर एक पायरी चढवा, आणि पुन्हा मोजा. रिंग फिरवण्याआधी आट्यांमधला चिखल ब्रशनं काढा, नाहीतर हूक पाना निसटून बोटं सोलवटतात.

पुढच्या फोर्कला या किमतीच्या बहुतेक गाड्यांत काही सेटिंग नसतं. गाडी जुनी असेल तर फोर्क ऑइल बदलून घ्या, कंपनीनं सांगितलेलंच आणि तेवढंच.

७. सीट

इथपर्यंत आल्यावरही बूड दुखत असेल तर सीटकडे वळा. कंपनीची सीट पातळ, कडक आणि पुढे उतरती असते. उतारामुळे तुम्ही टाकीकडे घसरत राहता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. म्हणजे हात दुखण्याचं कारणही कधी कधी सीटमध्येच सापडतं.

वरून टाकायची जेल किंवा हवेची गादी हा पहिला मोह. छोट्या प्रवासाला ती चालते, पण स्पोर्ट बाइकवर ती वळणावर सरकते, आणि जेल एप्रिलच्या उन्हात तापून तव्यासारखं होतं. जाळीचं कव्हर त्यापेक्षा बरं, हवा खेळते आणि घाम सुकतो.

खरा उपाय म्हणजे फोम बदलून घेणं. नाना पेठेत दुचाकींच्या पार्ट्सची आणि सीटची दुकानं आहेत. जाताना गाडी घेऊनच जा, नुसती सीट काढून नेऊ नका. चांगला कारागीर कोण, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तो आधी तुम्हाला गाडीवर बसवतो. मी ज्यांच्याकडे जातो ते काका खडू घेऊन उकिडवे बसतात, मांड्यांच्या दोन्ही बाजूंनी सीटवर रेघ ओढतात आणि म्हणतात, "आता हलू नका, पुढे घसरताय का ते बघू दे." मग सीट उलटी करून, चपट्या स्क्रूड्रायव्हरनं पिना एकेक उपसतात, रेक्झिन सोलतात आणि फोमवर अंगठा दाबून धरतात. अंगठा लगेच तळाला लागला तर फोम मेलेला. तुम्ही सांगायच्या आधीच "एकदम मऊ करून देतो" म्हणणाऱ्याकडून मात्र उठून या. मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि अर्ध्या तासात बसून जातो. मग खालचं प्लॅस्टिक टोचतं.

काय करून घ्यायचं ते असं सांगा:

पुढचा उतार भरून सीट जवळजवळ सपाट करा. मागच्या भागात, बसायची हाडं टेकतात तिथे, घट्ट जास्त घनतेचा फोम घाला आणि त्यावर पातळ मऊ थर द्या. पुढच्या कडा, मांड्या उतरतात तिथे, तासून गोल करा, म्हणजे पाय जमिनीला नीट टेकतील.

बसायची हाडं कुठे टेकतात ते घरीच बघता येतं. कडक पाटावर पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा ठेवा, त्यावर थोडं पुढे झुकून दहा मिनिटं बसा, मग पुठ्ठ्यावर हात फिरवा. दोन खळगे लागतील. त्यांच्या मधलं अंतर मोजून कारागिराला द्या.

उंचीचं भान फार ठेवा. आर-१५ ची सीट कंपनीकडूनच ८१५ मिलिमीटर उंच आहे. त्यावर तुम्ही इंचभर फोम चढवलात तर गुडघ्यांना मोकळीक मिळते, उंच माणसाला ती हवीच असते, पण हँडल तेवढंच खाली राहतं. म्हणजे आणखी झुकणं आलं. पाच फूट आठ इंचांच्या आतल्या माणसानं उंची वाढवू नये, फोमचा दर्जा आणि आकार बदलावा.

भाव काम सुरू होण्याआधी ठरवा. रेक्झिनच्या शिलाईतून पाणी आत जातं, म्हणून फोमवर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालायला सांगा, नाहीतर पावसाळाभर ओल्या गादीवर बसाल. जमल्यास वेगळी जुनी सीट मिळवून त्यावर काम करा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारून बघा. कंपनीची सीट तशीच राहिली तर गाडी विकताना उपयोगी पडते.

८. हँडल वर घेणं

इथपर्यंतचं सगळं करून, प्रत्येक बदल रस्त्यावर तपासून, तरीही मनगटांवर भार येत असेल तरच हा विषय काढा. पंधरा-वीस मिलिमीटर वर आणि थोडं मागे आलेलं हँडल शहरात खरंच सुखाचं असतं, हे मी नाकारत नाही. पण हँडल म्हणजे तुमचा जीव, आणि इथली चूक दुरुस्त करायला रस्ता दुसरी संधी देत नाही.

तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, मशीनवर कापलेल्या ॲल्युमिनियमचा रायझर किंवा वर उचललेला क्लिप-ऑन घ्या. "सगळ्या गाड्यांना बसतो" असं लिहिलेला घेऊ नका. वेल्डिंग करून उंच केलेलं हँडल कोणी फुकट दिलं तरी लावू नका. लावल्यावर या गोष्टी तिथेच, दुकानातच तपासा:

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून टाकी आणि मूठ यांच्यात बोटं चेंगरत नाहीत ना. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय आणि ती गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नाही. ब्रेकचा पाइप कुठल्याही टोकाला ताठ होता कामा नये, आणि फोर्क पूर्ण मोकळा झाला तरी त्याला सैलपणा हवा. स्विचच्या वायरी कुठे दबत नाहीत ना. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीटचा फोम, ग्रिप, टँक ग्रिप यांनी आरसीवरचा तपशील बदलत नाही. हँडलला हात लावण्याआधी मात्र सर्व्हिस सेंटरला वॉरंटीबद्दल आणि विमा कंपनीला क्लेमबद्दल विचारा, आणि उत्तर ई-मेलवर घ्या. तोंडी "चालतंय की" वर विसंबू नका.

फूटरेस्टबद्दलही इथेच सांगतो. बाजारात मिळणारे रिअरसेट, म्हणजे बदली फूटरेस्टचे संच, हे रेसिंगसाठी असतात. ते पाय आणखी वर आणि मागे नेतात, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या उलट. उंच काच हायवेवर छातीवरचा वारा कमी करते, शहरात तिचा काही उपयोग नाही. हाताला झिणझिण्या येत असतील तर जाडसर मऊ ग्रिप आणि हँडलच्या टोकांना बसणारे वजनदार बार एंड लावून बघा, खर्च थोडा आहे. जेल पॅडिंग असलेले चांगले ग्लोव्हज मात्र घ्याच.

९. डबलसीट जायचं असेल तर

या गाड्यांवर मागे बसणारा माणूस उंचावर, आधाराविना असतो, आणि ब्रेक लावला की त्याचा सगळा भार तुमच्या पाठीवर आणि तिथून मनगटांवर येतो. हवा डबलसीटच्या आकड्याला भरा आणि प्रीलोड एक-दोन पायऱ्या चढवा. मागच्याला सांगा की ब्रेकच्या वेळी एक हात पुढे करून टाकीवर टेकव, मला ढकलू नकोस.

दिसायला बरं म्हणून साडी गार्ड आणि धरायची पट्टी काढून टाकू नका. मागच्यासाठी धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं झाकणारं संरक्षण हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात सांगितलेलं आहे. आणि आईची साडी किंवा बहिणीची ओढणी चाकात जाण्यापेक्षा गाडी थोडी कमी देखणी दिसलेली परवडली.

१०. एवढं करूनही दुखलं तर

लांब पल्ल्याला जाताना तासाभरानं थांबाच. एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे लोणावळ्याला जाताना जुन्याच हायवेनं जावं लागतं आणि थांबायला जागा भरपूर मिळतात. उतरून खांदे मागे फिरवा, मनगटं दोन्ही दिशांना ताणा, पाणी प्या.

गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या तशाच राहत असतील तर बोटं बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर करंगळीच्या बाजूनं जाणाऱ्या नसेवर दाब येतोय, तळहाताच्या त्या कडेवर भार टाकणं थांबवा. अंगठा आणि त्यालगतची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर मनगटातली मधली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पाना बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काही आठवडे गाडी बंद ठेवावी लागली तरी चालेल, नस कायमची दुखावली तर ती भरून यायला फार काळ जातो.

आणि गाडी बदलायची वेळ आलीच तर पूर्ण वेगळीकडे जायची गरज नाही. आर-१५ चं तेच १५५ सीसी इंजिन एमटी-१५ मध्ये सरळ हँडलखाली मिळतं, आरसी ३९० ला ३९० ड्यूक आहे, आरआर ३१० ला आरटीआर ३१०. शोरूममधल्या टेस्ट राइडला पार्किंगभोवती चक्कर मारून परत येऊ नका. संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ मागून घ्या, ऐन गर्दीत चालवा, आणि स्वतःच्या गाडीसाठी लिहिलेली दुखण्यांची यादी मोबाइलमध्ये उघडून एकेक ओळ ताडून बघा.